पायाखालची जमीन आणि आपल्या पार्किंगचे खांब

(रौप्यमहोत्सवी सोहळ्यात एका ज्येष्ठ सभासदांनी केलेले भाषण)



आनंदाच्या दिवशी हा गृहस्थ भूकंपाचं काय घेऊन बसला, असं तुम्हांला वाटेल. पाच मिनिटं द्या, मग जेवण आहेच.

११ डिसेंबर १९६७ला कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा मी कराडला तिसरीत होतो. पहाटे आईनं मला गोधडीसकट उचलून अंगणात आणलं. पुढे कित्येक रात्री आम्ही थंडीत बाहेरच झोपलो.

दख्खनचं पठार म्हणजे घट्ट कातळ, इथं कसला भूकंप, असं तेव्हा सगळेच म्हणायचे. कातळ खरा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. पण भारताची प्लेट वर्षाला साधारण पाच सेंटिमीटर उत्तरेकडे सरकते आणि हिमालयापाशी अडते. त्या रेट्याचा ताण इकडच्या जुन्या भेगांपर्यंत पोचतो. १९९३ साली किल्लारीत लोक गणपती विसर्जन करून झोपले होते. हजारो माणसं गेली, बहुतेक दगडमातीच्या जड भिंतींखाली.

आपल्या भिंती तशा नाहीत. आपली गोष्ट अहमदाबादसारखी आहे. २६ जानेवारी २००१ला भूकंप झाला कच्छात, पण दोनशे किलोमीटरहून दूर अहमदाबादेत फ्लॅटच्या इमारती कोसळल्या. त्यांतल्या बऱ्याच इमारतींच्या खाली मोकळं पार्किंग होतं. वरच्या मजल्यांना विटांच्या भिंती असतात, त्यामुळे ते खोक्यासारखे ताठ राहतात. खाली नुसते खांब. सगळं हेलकावणं त्या खांबांवरच येतं.

त्यानंतर, २००२च्या सुधारित मानकात, अशा खांबांना जास्त ताकद हवी असं आलं. आपली इमारत त्याआधीची! बिल्डरला दोष देत नाही, तेव्हा नियमच तसा होता. पण गाडी वळावी म्हणून आपल्यातल्याच एकानं खांबाचा कोपरा छिन्नीनं उडवला, त्याला काय म्हणावं? नाव घेत नाही, जेवायला समोरच बसायचंय.

उपविधीप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी व्हायला हवं. आपलं एकदाही झालेलं नाही. दोन सभांत विषय आला आणि रंगकामाच्या खर्चापुढे मागे पडला. येत्या सभेत मी तो पुन्हा मांडणार आहे.

जेवणानंतर ज्यांना बघायचंय त्यांनी माझ्याबरोबर खाली यावं. बी विंगच्या लिफ्टशेजारच्या खांबाची सळई उघडी पडली आहे. टॉर्च आणलाय.