अबिसीनियाचा बादशहा व जमैकाचा देव
(बपेरा येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बलिप्रतिपदेला बळीचे राज्य येवो, असे महाराष्ट्रातील आयाबहिणी म्हणत आल्या. ज्या राजाला कोणी पाहिले नाही, त्याची वाट कष्टकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या पाहिली. अशीच वाट समुद्रापलीकडच्या एका गांजलेल्या लोकांनी पाहिली. त्यांची हकीकत ऐका.

अमेरिकेजवळ जमैका नावाचे बेट आहे. तेथील उसाच्या मळ्यांत राबविण्यासाठी आफ्रिकेतील माणसे साखळदंड घालून नेली व गुरांसारखी विकली. १८३४ साली इंग्रज सरकारचा गुलामगिरीबंदीचा कायदा अमलात आला. पण चांगली जमीन बहुतेक मळेवाल्यांकडेच राहिली. देव दाखविला तोही गोरा! तेव्हा मार्कस गार्वी या जमैकाच्याच पुढाऱ्याने काळ्या माणसाला आपल्या रंगाची लाज सोडावयास शिकविले.

इतक्यात २ नोव्हेंबर १९३० रोजी अबिसीनियात, म्हणजे आताच्या इथिओपियात, रास तफारी यास हाइले सेलासी या नावाने राज्याभिषेक झाला. गुलाम म्हणून विकला गेलेला आणि पुढे निजामशाहीचा कारभार पाहणारा मलिक अंबर याच देशातला. काळा माणूस राजाधिराज झाला, हे ऐकून जमैकाच्या गरिबांना आपला त्राता सापडला. लेनर्ड हॉवेल याने तो देवच आहे असा उपदेश केला. १९३४ साली त्याला राजद्रोहाबद्दल तुरुंगात घातले. तरी 'रास्ताफारी' पंथ वाढला. ज्यांना वाकण्याचीच सवय लावली होती, त्यांची मान या पंथाने ताठ केली. हे काय लहान काम झाले?

बादशहाची कामगिरीही लहान नव्हती. १९३५ साली इटलीने स्वारी केली, तेव्हा त्याने पुढील वर्षी राष्ट्रसंघापुढे उभे राहून न्याय मागितला. १९४१ साली त्याचे राज्य परत मिळाले. त्या मोहिमेत केरेनच्या डोंगरांत मराठा पलटणीचे जवानही लढले. १९४२ साली त्याने गुलामगिरी बंद करण्याचे फर्मान काढले. त्याच्या शाळांत शिकविण्यास हिंदुस्थानातून पुष्कळ शिक्षक गेले. १९६६ साली तो जमैकास गेला, तेव्हा दर्शनासाठी विमानतळावर माणसांचा पूर लोटला.

पण त्याच देशातल्या कुळाला बादशहाचे राज्य कसे वाटले असेल? जमिनी राजघराण्याच्या, सरदारांच्या व धर्मसंस्थेच्या. पुष्कळ कुळांचे अर्धे पीक खंडातच जाई. १९७३ साली वोलो प्रांतात दुष्काळाने हजारो माणसे मेली, आणि दरबाराने ती गोष्ट झाकली. १९७४ साली बादशहा पदच्युत झाला व १९७५ साली कैदेत मेला. जमीनदारी मोडली ती त्याच्या पश्चात आलेल्या लष्करी सरकारने. पण त्या सरकारनेही रक्ताचे पाट वाहविले.

बादशहा स्वतः ख्रिस्ती होता. मी देव आहे असे त्याने म्हटले नाही. भक्तांनी त्याच्यात स्वतःची हरवलेली इभ्रत पाहिली. ती इभ्रत खरी, तिचा मान राखा. परंतु राजा आपल्या रंगाचा, आपल्या जातीचा किंवा आपल्या गावचा आहे, एवढ्यावरून त्याला हिशेब माफ करू नका. धान पिकविणाऱ्याच्या कोठीत वर्षाअखेर किती धान उरते, हे पाहा. बळीचे राज्य ओळखण्याची खूण तीच होय.