लेनिनग्राडमधला एक उन्हाळा

(अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

कॉम्रेड्स,

आजच्या अभ्यासवर्गात मी ऑक्टोबर क्रांतीच्या इतिहासावर बोलावे, अशी संयोजकांची अपेक्षा होती. ते काम माझ्याहून अधिक अधिकारी साथी करू शकतील. मी आपल्यापुढे एका विद्यार्थ्याच्या एका उन्हाळ्याची हकीकत ठेवणार आहे. तो विद्यार्थी मीच. साल १९८४. शहर लेनिनग्राड. १९९१ च्या सप्टेंबरपासून त्या शहराचे अधिकृत नाव पुन्हा सेंट पीटर्सबर्ग झाले आहे. या हकीकतीचा एक भाग परत आल्यावर मी कित्येक वर्षे दडवून ठेवला. तो भाग आज सांगायचा आहे, आणि त्यासाठीच मी हे निमंत्रण स्वीकारले.

रशियन भाषेच्या उन्हाळी वर्गासाठी आम्ही काही भारतीय विद्यार्थी जूनच्या आरंभी तेथे पोहोचलो. ते शहर इतके उत्तरेला आहे की त्या दिवसांत तेथे खरी रात्र होतच नाही. मध्यरात्री दिवा न लावता वसतिगृहाच्या खिडकीशी बसून पुस्तक वाचता येई. अपरात्री नेवा नदीवरचे पूल मधोमध दुभंगून वर उचलले जात आणि त्यांच्यामधून जहाजे पुढे सरकत. किनाऱ्यावर कामगार, विद्यार्थी, नवविवाहित जोडपी हे दृश्य पाहत उभी असत. पाच कोपेकांत भुयारी रेल्वेने शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाता येई. मुंबईत लोकलच्या दाराशी लोंबकळत प्रवास केलेल्या आम्हा मुलांना त्या स्थानकांचे संगमरवरी खांब पाहून प्रथम संकोचच वाटला. हे सारे कष्टकऱ्यांच्या रोजच्या येण्याजाण्यासाठी बांधले आहे, हे मनात ठसायला थोडे दिवस लागले.

सकाळी भाषेचे तास असत. शिकवणाऱ्या बाई साठीच्या घरातल्या होत्या. रशियन भाषेत सहा विभक्ती आहेत, हे ऐकून आमच्यातले इंग्रजी वळणाचे विद्यार्थी गांगरले. प्रथमेपासून संबोधनापर्यंत विभक्ती घोकलेल्या मराठी मुलाला त्यात भिण्यासारखे काही नव्हते. आपल्या 'तू' आणि 'तुम्ही' सारखाच 'ती' आणि 'वी' हा भेद तेथेही आहे. अग्नीला 'अगोन', द्वाराला 'द्वेर', मधाला 'म्योद' म्हणतात, हे कळले तेव्हा परके घर एकाएकी नात्यातले वाटू लागले. या शहराचे मराठी माणसाशी जुने नातेही आहे. गोव्यात जन्मलेले आणि मराठीत ग्रंथरचना करणारे बौद्ध धर्माचे पंडित धर्मानंद कोसंबी १९२९ साली पाली भाषेच्या अध्यापनासाठी लेनिनग्राडला गेले होते. तेथून परतल्यावर १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात त्यांनी उडी घेतली.

दुपारनंतर शहरदर्शन. फिनलंड स्थानकापुढील चौकात, जेथे निर्वासनातून परतलेल्या लेनिनने १९१७ च्या एप्रिलमध्ये चिलखती गाडीवर उभे राहून जनतेला संबोधित केले, तेथे १९२६ साली उभारलेला त्यांचा पुतळा आम्ही पाहिला. उमराव घराण्यांतील मुलींसाठी बांधलेली स्मोल्नी ही शाळा क्रांतीचे मुख्य ठाणे कशी झाली, ते ऐकले. नेवेच्या पात्रात नांगरलेली 'अव्रोरा' ही युद्धनौका पाहताना १९४६ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या बंदरात उठाव करणारे नौसैनिक आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी रस्त्यावर उतरलेले गिरणी कामगार आठवल्यावाचून राहिले नाहीत. झारच्या हिवाळी राजवाड्यातील हर्मिटाज संग्रहालयात आम्ही तीन दिवस फिरलो. १९४१ मध्ये फॅसिस्ट सैन्य चालून आले तेव्हा तेथील दहा लाखांहून अधिक वस्तू आगगाड्यांतून उरल पर्वताकडे, स्वेर्दलोव्स्कला हलवण्यात आल्या होत्या. चित्रे काढून नेली, पण परतल्यावर ती पुन्हा त्याच जागी लागावीत म्हणून चौकटी भिंतींवर तशाच ठेवल्या होत्या.

८ सप्टेंबर १९४१ पासून २७ जानेवारी १९४४ पर्यंत या शहराला वेढा पडला होता. ८७२ दिवस. लेनिनग्राड उपासमारीने मारायचे, शरणागतीची विनंती आली तरी स्वीकारायची नाही, हे हिटलरच्या सेनापतींचे ठरलेले धोरण होते. १९४१ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कामगारांना दिवसाला २५० ग्रॅम आणि कचेरीतील नोकर, आश्रित व मुले यांना १२५ ग्रॅम पाव मिळे. त्यातही भेसळच अधिक असे. मृतांचा आकडा न्यूरेंबर्गच्या खटल्यात सहा लाखांच्या वर सांगण्यात आला. पुढील अभ्यासकांचे अंदाज दहा लाखांच्या आसपास जातात. पिस्कार्योव्स्कोये दफनभूमीत त्यांपैकी सुमारे पाच लाख माणसे चिरनिद्रा घेत आहेत. तेथील सामुदायिक थडग्यांवर नावे नाहीत. नागरिकांच्या थडग्यावर विळा-हातोडा, सैनिकांच्या थडग्यावर तारा, आणि खाली फक्त साल. वेढ्याच्या काळात रेडिओवरून शहराला धीर देणाऱ्या ओल्गा बेर्गगोल्ट्स या कवयित्रीची विस्मरणाविरुद्धची प्रतिज्ञा तेथील भिंतीवर कोरलेली आहे. आमच्या बाई त्या भिंतीपाशी आमच्याबरोबर आल्या नाहीत. एका थडग्यापाशी त्या एकट्याच थांबल्या. '१९४२' एवढेच त्यावर लिहिलेले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हांला सेंट आयझॅक चौकातील वनस्पतिसंवर्धन संस्थेची इमारत बाहेरून दाखवली. निकोलाय वाविलोव यांनी जगभर मोहिमा काढून गोळा केलेल्या बियाण्यांचा संग्रह तेथे होता. लागवडीखालील पिके मुळात कोणत्या प्रदेशांत जन्मली, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. तांदूळ, वांगी, आंबा यांच्या संदर्भात त्यांनी आपल्या भारतालाही अशा उगमस्थानांमध्ये गणले होते. वेढ्याच्या पहिल्या हिवाळ्यात या इमारतीत गहू, तांदूळ, मका, वाटाणा यांची पोती होती आणि तेथे काम करणारी माणसे उपाशी होती. त्यांनी त्यातील एक दाणाही पोटासाठी घेतला नाही. तांदळाचा संग्रह सांभाळणारे दिमित्री इवानोव उपासमारीने गेले; त्यांच्या देखरेखीखालील तांदूळ शाबूत होता. भुईमुगाचे तज्ज्ञ अलेक्सांद्र श्चुकिन कामाच्या टेबलापाशीच मरण पावले. बटाट्याचे वाण थंडीने नासू नयेत म्हणून तळघरात हाती लागेल ते जाळून ऊब राखली गेली.

मी विचारले, "आणि स्वतः वाविलोव?"

बाई क्षणभर थांबल्या. "१९४३ साली वारले. सरातोवला."

संध्याकाळी नदीकाठाने परतताना, इतर मुले पुढे गेल्यावर, त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "तुरुंगात वारले. भुकेने खंगून. तुम्ही विचारलेत म्हणून सांगते."

कॉम्रेड्स, त्या दोन वाक्यांचा अर्थ पुढे मी वाचून काढला. त्यापूर्वीच्या वर्षांत लिसेंको या कृषितज्ज्ञाने आनुवंशिकीच्या शास्त्राविरुद्ध मोहीम उघडली होती आणि स्तालिनचा त्याला पाठिंबा होता. वाविलोव आपल्या शास्त्रावर ठाम राहिले. १९४० च्या ऑगस्टमध्ये त्यांना अटक झाली. १९४१ साली देहान्त शासन झाले, पुढे ते वीस वर्षांच्या कैदेवर आले, आणि २६ जानेवारी १९४३ रोजी त्यांचा अंत झाला. १९५५ साली त्यांना निर्दोष ठरवण्यात आले. १९६७ साली संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. मानवजातीची भूक संपावी म्हणून ज्याने आयुष्यभर बियाणे वेचले, त्याला त्याच्याच राज्याच्या तुरुंगाने भुकेने मारले.

परत आल्यावर मी गावोगावच्या सभांतून लेनिनग्राडवर भाषणे दिली. इवानोव आणि त्यांच्या तांदळाची गोष्ट सांगताना श्रोत्यांचे डोळे भरून येत. नगर जिल्ह्यातील एका सभेत एका वृद्ध शेतमजूर साथीने उठून विचारले, "कॉम्रेड, हे बी ज्यांनी गोळा केलं, ते त्या वेळेला कुठं होते?" मी उत्तर दिले, "ते तेव्हा लेनिनग्राडमध्ये नव्हते." हे वाक्य अक्षरशः खरे होते, आणि ते खोटे बोलण्यासाठीच मी वापरले होते.

पुढे सोविएत वृत्तपत्रांतूनच या गोष्टी उघडपणे छापून येऊ लागल्या. १९८९ साली ते साथी मला पुन्हा भेटले. हातात वर्तमानपत्राचे कात्रण होते. "तुम्हाला ठाऊक होतं का?" त्यांनी विचारले. मी हो म्हणालो. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "मग आम्हाला का नाही सांगितलं? आम्ही काय पळून गेलो असतो?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ तेव्हा नव्हते. वर्गशत्रू या माहितीचा उपयोग करील, असे मी स्वतःला समजावले होते. शत्रूला ती माहिती मिळायची ती मिळालीच. शिवाय आम्ही गप्प बसलो, हेही त्याच्या हाती सापडले. आमच्या मौनाने नुकसान झाले ते आमच्यावर विश्वास ठेवणाऱ्या माणसाचे. चळवळीसाठी ज्याने आयुष्य वेचले त्याला सत्य पेलणार नाही, हे ठरवण्याचा अधिकार मी कोठून घेतला होता?

शहराच्या संरक्षणाचे संग्रहालय त्या उन्हाळ्यात आम्हांला दाखवले गेले नाही, कारण ते अस्तित्वातच नव्हते. युद्धानंतर नागरिकांनी आपल्या वस्तू देऊन ते समृद्ध केले होते. १९४९ मध्ये 'लेनिनग्राड प्रकरण' उभे राहिले, तेव्हा ते बंद झाले आणि १९५३ मध्ये मोडून टाकण्यात आले. वेढ्याच्या काळात शहराच्या नेतृत्वात असलेले अलेक्सेय कुझनेत्सोव आणि अर्थतज्ज्ञ वोझ्नेसेन्स्की यांना १९५० साली गोळ्या घालण्यात आल्या. १९५४ साली त्यांचीही निर्दोषता मान्य झाली. संग्रहालय १९८९ मध्ये पुन्हा उघडले. विस्मरणाविरुद्धची प्रतिज्ञा भिंतीवर कोरली जात असताना शहराच्या स्मृतीचा केवढा मोठा भाग कुलूपबंद होता!

यावरून भांडवली पत्रकार जो निष्कर्ष काढतात, तो मात्र मी काढणार नाही. सारे काही तुरुंगच होते, असे ते म्हणतात. मग त्या इमारतीत बियाण्यांवर पहारा करीत कोण मेले? त्या धान्याला मालक नव्हता. ती समाजाची ठेव होती, आणि अशी ठेव जिवापेक्षा मोलाची आहे, असे मानणारी माणसे त्या समाजाने घडवली होती. बाजाराने काय केले, तेही पाहा. याच संस्थेच्या पाव्लोव्स्क येथील प्रयोगक्षेत्रावर फळझाडांचे हजारो वाण जतन केलेले आहेत. २०१० साली ती जमीन घरबांधणीसाठी लिलावात काढण्याचा घाट घातला गेला. जगभरच्या शास्त्रज्ञांनी आवाज उठवला, म्हणून ते टळले. बियाणे कुणाच्या मालकीचे, हा प्रश्न विदर्भातील कापूस उत्पादकाला आज नव्याने समजावून सांगावा लागत नाही. दर हंगामाला कंपनीच्या पाकिटासाठी तो पैसे मोजतो आहे.

म्हणून या शहराचे दोन्ही वारसे आपले आहेत. इवानोव आपले, तसे वाविलोवही आपलेच. पहिल्याचा गौरव करून दुसऱ्याविषयी मौन पाळणे हा पहिल्याचाही अपमान आहे, कारण इवानोवांनी राखलेला संग्रह वाविलोवांनी उभा केला होता. शास्त्रातील प्रश्नाचा निवाडा सत्तेच्या जोरावर झाला की शेतातले पीकही बुडते आणि माणूसही. समाजवादाच्या नावाने झालेली ही चूक समाजवादीच अधिक नेमकेपणाने सांगू शकतात, कारण ती पुन्हा न होण्यात त्यांचा स्वार्थ आहे.

ते वृद्ध साथी आज हयात नाहीत. परंतु तसे प्रश्न विचारणारे साथी या सभागृहात बसलेले आहेत, याची मला खात्री आहे. वक्ता अडचणीत येईल अशा शंकेने कुणी खाली बसू नये. माझे भाषण मी येथे संपवतो. आता आपण विचारावे. जे ठाऊक आहे ते मी सांगेन; त्यातले काही मागे ठेवणार नाही.

लाल सलाम.