पुद्गल, परमाणू आणि पुराचे पाणी



विषय शाळेतील विज्ञानाचा वाटेल. परंतु तो आपण मंदिरात रोज पाहतो. थंडीत दिव्यातील तूप गोठलेले असते, ज्योत लागली की पातळ होते. केशर पाण्यात टाकले की न ढवळताही रंग हळूहळू पसरतो. धूप गाभाऱ्याशी लावला तरी सुगंध सभामंडपात येतो. अर्थात वाऱ्याचीही त्यास मदत असते. घन पदार्थातील कण जागच्या जागी कंप पावतात, द्रवातील कण परस्परांवरून सरकतात, वायूतील कण मोकळे धावतात. बर्फ, पाणी आणि वाफ यांत कण तेच. बदलते ती त्यांची गती आणि परस्परांवरील पकड.

वैशेषिकांनी पृथ्वी, जल, तेज, वायू यांचे परमाणू मुळातच भिन्न मानले. जैन दर्शनाने पुद्गल-परमाणू एकाच जातीचा मानला. स्निग्धता आणि रूक्षता या गुणांमुळे त्यांचा बंध होतो, असे तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायात उमास्वातींनी सांगितले आहे. मात्र यावरून ‘आजचा अणू आमच्या ग्रंथांत होताच’ असे म्हणणे मला पटत नाही. आपला परमाणू अविभाज्य आहे. प्रयोगशाळेतील अणू फुटतो. आपल्या परिभाषेत तो स्कंधच ठरेल.

आता आपल्या गावाकडे येऊ. २६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१ चे वाशिष्ठीचे पूर चिपळूणकर विसरलेले नाहीत. पुराचे पाणी दुपदरी फडक्याने गाळले तरी गढूळच राहते, कारण चिकणमातीचे कण कापडाच्या छिद्रांहून बारीक असतात. त्यांच्यावर सारखाच ऋण विद्युतभार असल्याने ते एकमेकांना दूर लोटतात आणि तासन्‌तास तळाशी बसत नाहीत. तुरटी फिरवली की तो भार मावळतो, कण एकमेकांस चिकटतात आणि साका खाली बसतो. वरचे निवळलेले पाणी मग गाळून उकळावे. उकळल्याने रोगजंतू नष्ट होतात. विरघळलेले क्षार तसेच राहतात, वाफ निघून गेल्याने त्यांचे प्रमाण उलट थोडे वाढतेच. ‘पाणी उकळले म्हणजे शुद्ध झाले’ ही आपली समजूत येथे अपुरी पडते. पुरानंतर विहिरीच्या पाण्याला रॉकेलचा अथवा कीटकनाशकाचा वास येत असेल, तर ते उकळूनही पिऊ नये; विहीर उपसून पाण्याची तपासणी होईपर्यंत टँकरचे पाणी घ्यावे.