गोमंतकीय गायिकांचा स्वर आणि स्वाभिमान



येथे बोलावयास उभा असता मनात थोडा संकोच आहे. गोमंतकातील देवळांनी स्त्रियांच्या कंठाचे पोषण केले, हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु देवळाच्या चौकात गाणाऱ्या त्याच स्त्रीस गृहस्थांच्या पंक्तीत स्थान नव्हते, हे सांगताना आपला आवाज खाली येतो. तो येऊ नये, एवढ्याचसाठी मी आज काही नावे घेणार आहे.

केसरबाईंचा जन्म १८९२ साली केरी येथला. मोगूबाईंचा १९०४ साली कुर्डीचा. केरकर आणि कुर्डीकर म्हणून दोघींनी आपापले गाव जन्मभर मिरविले. (कुर्डी पुढे साळावलीच्या जलाशयाखाली गेले, उन्हाळ्यात पाणी ओसरले की त्याचे अवशेष दिसतात.) मोगूबाईंचे मातृछत्र लहानपणीच हरपले, नाटकमंडळीत राहून त्यांनी गाणे सांभाळले. दोघींनाही अल्लादियाखाँसाहेबांची तालीम लाभली.

ख्यालातील चीज ती केवढी? दोन-चार ओळींची, आणि तीही बहुधा दुसऱ्याने रचलेली. मग त्यात गाणारीचे स्वतःचे असे काय? माझ्या मते सर्वच. शब्द मागे पडून आकार सुरू झाला, की कोणत्या वाटेने जावे, कोठे थांबावे, समेवर कसे यावे, हे तीच ठरविते. समाजाने जिला संसाराचा अधिकारही नाकारला होता, तिच्या या निर्णयांकडे भलेभले जाणकार श्वास रोधून कान लावीत.

नकार हाही एक उच्चारच. केसरबाईंनी ध्वनिमुद्रणे मोजकीच होऊ दिली, आणि कीर्ती शिखरावर असतानाच मैफली थांबविल्या. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेल्या ध्वनिमुद्रिकेत त्यांची भैरवी आहे. त्याच वर्षी त्या निवर्तल्या.

किशोरीताई आमोणकर या मोगूबाईंच्या कन्या. मैफलीच्या ठिकाणी आईस मिळणारी वागणूक त्यांनी बालपणी पाहिली होती, आणि पुढे मुलाखतींतून ती सांगितलीही. त्या स्वतः गावयास बसल्या, की व्यवस्थेतील हयगय वा श्रोत्यांची कुजबुज खपवून घेत नसत. पुष्कळांनी त्यास लहरीपणा म्हटले. मला मात्र त्यात आईचा थकलेला मान वसूल करणारी मुलगी दिसते.