रिमोट कुणाचं ऐकतो?

(गुजरातमध्ये सुरत जिल्ह्यातल्या चलथाण येथील मराठी श्रोत्यांसमोर शारदीय व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून व्याख्यानमालेचा विषय भारदस्तच हवा अशी आपली पक्की समजूत झाली आहे. राष्ट्र, धर्म, इतिहास, फार तर साहित्य. मी संयोजकांना ‘आवाजावर चालणारा रिमोट’ असा विषय कळवला, तेव्हा फोनवर थोडा वेळ शांतता होती. मग पलीकडून प्रश्न आला, “म्हणजे टीव्हीचाच ना?” होय, टीव्हीचाच. ज्या वस्तूवरून घराघरात रोज रात्री भांडण होतं, तिच्यावर वर्षातून एक संध्याकाळ विचार करायला हरकत नाही.

आधी थोडा इतिहास, कारण तो मजेदार आहे. अमेरिकेतल्या झेनिथ कंपनीने १९५० साली जो रिमोट विकला, तो वायरने टीव्हीला जोडलेला होता. वायर खोलीभर पसरायची आणि लोक तिला अडखळायचे. १९५५ साली त्याच कंपनीतल्या यूजीन पॉली यांनी प्रकाशाच्या झोतावर चालणारा रिमोट काढला. पडद्याच्या चार कोपऱ्यांत प्रकाश ओळखणारे डोळे बसवलेले, आणि हातात विजेरीसारखं यंत्र. पण खिडकीतून ऊन आत आलं की टीव्ही आपोआप चॅनेल बदलायचा. पुढच्या वर्षी रॉबर्ट अॅडलर यांनी त्यावर तोडगा काढला. रिमोटच्या आत ॲल्युमिनियमच्या दांड्या होत्या. बटण दाबलं की छोटी हातोडी दांडीवर बसायची आणि माणसाच्या कानाला ऐकू न येणारा स्वर निघायचा, तो टीव्ही ओळखायचा. त्याला सेलही लागत नव्हता. पुढे अवरक्त प्रकाशाचे रिमोट आले, तेच आपण आजवर वापरत आलो. घरी गेल्यावर रिमोटचं टोक मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. नुसत्या डोळ्यांना न दिसणारा दिवा बऱ्याच फोनवर लुकलुकताना दिसेल. दुरुस्तीवाले रिमोट चालू आहे की मेला, हे असंच बघतात.

या सगळ्या प्रवासात एक गोष्ट बदलली नव्हती. बटण कुठलं दाबायचं हे माणसाला ठाऊक असावं लागत होतं. बारा चॅनेल होती तोवर ते ठीक होतं. आता टीव्हीवर चॅनेलं शेकड्यांनी आहेत, त्यावर यूट्यूब आहे, त्यावर पाच-सहा ॲप आहेत, आणि एखादी गोष्ट शोधायची म्हणजे पडद्यावरच्या इंग्रजी अक्षरांवरून बाणाच्या बटणाने एकेक घर पुढे सरकायचं. कधी एखाद्या आजीबाईंना हे करताना बघा. चष्मा कपाळावर, रिमोट नाकाजवळ, आणि ‘एम’ गाठेपर्यंत मालिका संपलेली.

आवाजाच्या रिमोटचा खरा उपयोग इथे सुरू होतो. जाहिरातीत सोफ्यावर पाय पसरून बसलेला तरुण दिसतो. त्याला या रिमोटची गरज नाही. त्याला सगळी बटणं येतात, तो फक्त आळशी आहे. गरज आहे ती मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना, संधिवाताने वाकड्या झालेल्या बोटांना, शाळेची पायरी न चढलेल्या बाईला. मराठी येतं पण इंग्रजी स्पेलिंग येत नाही, अशा माणसाला.

स्पेलिंगचंच घ्या. इथे बसलेले तुम्ही बरेच जण मूळचे धुळे, नंदुरबार, जळगावकडचे. उधन्याहून निघालेली गाडी चलथाण, बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर करत तुमच्या गावाकडे जाते आणि लग्नसराईत तिच्यात पाय ठेवायला जागा नसते. त्या लग्नांत वाजतं ते ‘हाई झुमकावाली पोर’. आता हे अहिराणी गाणं टीव्हीवर इंग्रजी अक्षरांत लिहून शोधायचं तर ‘हाई’ला शेवटी आय की वाय? ‘झुमका’ जेने सुरू करायचा की झेडने? यूट्यूबवर तो झेडनेही सापडतो, जेनेही. माणूस अडतो तो गाणं ठाऊक नाही म्हणून नाही, परक्या लिपीत बसवता येत नाही म्हणून. बटण दाबून तोंडाने नाव घेतलं की हा अडथळा एका दमात गळून पडतो. मला विचाराल तर आवाजाच्या रिमोटचा एवढा एकच गुण त्याच्या किमतीला पुरेसा आहे.

तो चालतो कसा, हे थोडक्यात सांगतो, कारण ते कळलं की बाजारात फसवणूक होत नाही. रिमोटवर माइकचं चित्र असलेलं बटण असतं. ते दाबून धरलं की रिमोटमधला छोटा माइक चालू होतो. तुमचा आवाज ब्लूटूथने टीव्हीकडे किंवा टीव्हीला लावलेल्या डब्याकडे जातो. तिथून इंटरनेटने दूरच्या संगणकाकडे. तो संगणक आवाजाचे शब्द करतो, शब्दांचा हेतू ओळखतो आणि उत्तर परत पाठवतो. हे सगळं एक-दोन सेकंदांत. म्हणून नेट गेलं की हा रिमोट बहिरा होतो, पण आवाज कमी-जास्त करायची आणि बंद-चालूची बटणं बऱ्याचदा जुन्या अवरक्त पद्धतीने चालतच राहतात. आणि म्हणूनच रिमोट हरवला की कडोदऱ्याच्या किंवा सुरतच्या दुकानातून दीडशे-दोनशे रुपयांचा डुप्लिकेट आणताना जरा थांबा. तो दिसायला अगदी तसाच असतो, माइकचं चित्रही असतं, पण आत बऱ्याचदा ब्लूटूथ नसतं. घेताना दुकानदाराला एकच विचारा, “हा पेअर होतो का?” त्याने मान फिरवली तर माइकचं बटण शोभेचं आहे असं समजा.

आता अडचणीकडे येतो. खरं बोलायचं तर मी त्यासाठीच आलो आहे. ज्या माणसांना या रिमोटचा सर्वांत जास्त उपयोग आहे, नेमकं त्यांचंच बोलणं त्याला सर्वांत कमी समजतं.

माझ्या नात्यातल्या एक मावशी इथून जवळच राहतात. आयुष्य निम्मं शिरपूरकडे गेलं, निम्मं सुरत जिल्ह्यात. त्यांच्या बोलण्यात अहिराणी आहे, मराठी आहे, गुजराती आहे आणि दूधवाल्याशी बोलायची हिंदी आहे. मुलाने नवा टीव्ही आणला. मावशींनी बटण दाबलं आणि मोकळेपणाने म्हणाल्या, “आवाज कमी करी दे.” टीव्हीने भलताच एक व्हिडिओ लावला, तोही मोठ्या आवाजात. मावशींनी रिमोट उशीवर टाकला आणि नातवाला हाक मारली. नातवाने इंग्रजीत तेच सांगितलं आणि टीव्ही गप्प झाला. मावशी म्हणाल्या, “यालाबी साहेबाचीच भाषा समजस का?”

हा एकट्या मावशींचा प्रश्न नाही. २०२० साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या पाच मोठ्या कंपन्यांची आवाज ओळखणारी यंत्रणा तपासली. गोऱ्या लोकांच्या बोलण्यात ती शंभरातले सरासरी १९ शब्द चुकत होती, काळ्या लोकांच्या बोलण्यात ३५. भाषा एकच, इंग्रजी. फरक फक्त बोलण्याच्या ढंगाचा. इंग्रजीची ही गत असेल तर तापीकाठच्या मराठीचं काय होत असेल, याचा अंदाज तुम्हीच करा. याचं कारण सोपं आहे. यंत्र जे ऐकून शिकतं, तेच ओळखतं. ज्यांचे आवाज त्याला कुणी ऐकवले नाहीत, त्यांचं बोलणं त्याच्यासाठी नुसता गोंगाट असतो.

आपल्या भाषांचं काय झालं तेही पाहू. २०१७ च्या ऑगस्टमध्ये गूगलने बोलून लिहिण्याच्या सोयीत मराठी आणि गुजराती दोन्ही आणल्या. २०१८ मध्ये गूगलचा आवाजी सहायक मराठी बोलू लागला. अलेक्सा ही तशीच दुसरी सहायक भारतात आली २०१७ साली, इंग्रजी घेऊन, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये हिंदी शिकली. पण फोनवर जेवढ्या भाषा असतात तेवढ्या टीव्हीवर असतीलच असं नाही. टीव्ही घेताना दुकानदार पडद्याचे इंच सांगेल, रंग सांगेल, पॅनेलचं नाव सांगेल. तुम्ही सेटिंग उघडायला लावा आणि बोलण्याच्या भाषांची यादी बघा. मराठी नसेल तर तिथेच तोंडावर सांगा. गिऱ्हाइकाने विचारलं नाही तर कंपनीला त्याची फिकीर का असावी?

आणि खानदेशी? २०११ च्या जनगणनेत खानदेशी या नावाखाली १८ लाखांहून अधिक लोकांची मातृभाषा नोंदली आहे, अहिराणी त्यातच आली. पण ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. सरकारी योजना बहुतेक त्या अनुसूचीतल्या बावीस भाषांपाशी थांबतात आणि कंपन्या त्याच्याही अलीकडे. मावशींची भाषा दोन्ही याद्यांच्या बाहेर राहते.

इथे मला गुजरातमधलीच एक जुनी गोष्ट आठवते. १९७५ साली खेडा जिल्ह्यातल्या पीज गावी टीव्हीचं छोटं प्रक्षेपण केंद्र सुरू झालं. त्या काळात गावच्या टीव्हीवर दिल्लीतून तयार होऊन आलेला मजकूर दाखवता आला असता. पण इस्रोच्या अहमदाबादच्या मंडळींनी गावांत जाऊन, तिथल्याच लोकांना घेऊन, त्यांच्याच चरोतरी बोलीत कार्यक्रम केले. शेती, मजुरी, सावकारी, हुंडा, असले रोजचे विषय. लोक टीव्हीसमोर बसले कारण टीव्ही त्यांच्यासारखा बोलत होता. पुढे या खेडा प्रकल्पाला युनेस्कोचं ग्रामीण संवादाचं पारितोषिकही मिळालं. पन्नास वर्षांपूर्वी टीव्हीने गावाची बोली शिकायचे कष्ट घेतले होते. आजचा टीव्ही तेवढे कष्ट घेतो, असं मला तरी दिसत नाही.

आणखी काही माणसांचा विचार करू. आपल्या भागातली किती घरं लूमवर आणि प्रोसेस हाऊसवर चालतात हे सांगायला नको. लूमखात्यात वर्षानुवर्षं राबलेल्या माणसाला कमी ऐकू येतं, म्हणून तो घरी टीव्ही मोठा लावतो. आणि मोठ्या आवाजातल्या टीव्हीसमोर बोललेलं रिमोटला नीट ऐकू येत नाही. यावर इलाज एवढाच की माइक तोंडाजवळ धरा, बटण दाबल्यावर क्षणभर थांबा, मग बोला. बटण दाबताच टीव्ही स्वतःचा आवाज उतरवतो का, हे दुकानातच तपासून घ्या. लकव्याने ज्यांचा हातही गेला आणि बोलणंही जड झालं, त्यांना बटणही जमत नाही आणि बोलूनही कळत नाही. गूगलने २०१९ पासून अशा बोलण्यावर युफोनिया नावाने काम सुरू केलं, पण ते मराठी घरात पोचायला वेळ आहे. अंध माणसाला नुसतं ऐकणारा टीव्ही पुरत नाही, उलट बोलणारा लागतो. ‘अमुक मालिका लाव’ म्हटल्यावर पडद्यावर चार चौकोन आले तर तो काय निवडणार? अमेरिकेतल्या कॉमकास्ट कंपनीने २०१४ साली पडद्यावरची यादी वाचून दाखवणारी सोय काढली. आपल्याकडच्या अँड्रॉइड टीव्हीतही टॉकबॅक नावाची अशी सोय असते, सेटिंगमध्ये ती कुठेतरी खोल असते आणि विकणाऱ्याला बहुधा माहीत नसते. घरात अंध माणूस असेल तर ती पहिल्याच दिवशी चालू करून घ्या.

ऐकणाऱ्या यंत्राबद्दल एक भीती असते, ती खोटी नाही. २०१५ साली सॅमसंगच्या टीव्हीच्या नियमावलीतच लिहिलेलं सापडलं की टीव्हीसमोर बोललेली खासगी गोष्टही इतर आवाजाबरोबर बाहेर जाऊ शकते. बराच गदारोळ झाला. माझं मत असं की बटण दाबल्यावरच ऐकणारा रिमोट, न दाबता सतत कान लावून बसणाऱ्या यंत्रापेक्षा आपल्या दोन खोल्यांच्या घराला बरा. आपल्याकडे भिंतीही पातळ असतात आणि पैशाच्या गोष्टीही टीव्हीसमोरच होतात. जे सतत ऐकतं, त्याचा माइक बंद करायची सोय असते, ती वापरा. आणि खरेदीला पिन लावा. नाहीतर नातू तोंडाने सिनेमा विकत घेईल आणि आजोबांना बँकेचा मेसेज आल्यावर कळेल.

मग मावशींच्या बोलण्याच्या अडचणीवर करायचं काय? ४ जुलै २०२२ रोजी आपल्याच राज्यात, गांधीनगरला, केंद्र सरकारच्या, भारतीय भाषांसाठीच्या भाषिणी उपक्रमाची सुरुवात झाली. त्यात भाषादान नावाची सोय आहे. फोनवर एक वाक्य दिसतं, ते वाचून आपल्या आवाजात नोंदवायचं. दुसऱ्याने नोंदवलेलं ऐकून बरोबर आहे का सांगायचं. मराठी त्यात आहे, गुजरातीही आहे. मला वाटतं, पुण्या-मुंबईच्या मराठीपेक्षा इथल्या मराठीची तिथे जास्त गरज आहे. चलथाणच्या साखर कारखान्याजवळ राहणारी बाई मराठी वाक्य जसं वाचेल, तसं पुण्याच्या शनिवार पेठेतला माणूस वाचणार नाही, आणि यंत्राला दोघांचंही ऐकायची सवय लागली पाहिजे. आपला हेल सुधारून, रेडिओवर बोलल्यासारखं वाचू नका. घरी बोलता तसंच वाचा.

येत्या सुट्टीच्या दिवशी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवा, त्यांच्या हातात फोन द्या आणि दहा-बारा वाक्यं त्यांच्या आवाजात नोंदवून घ्या. वाचता येत नसेल तर तुम्ही वाचा, त्यांनी मागून म्हणावं.