पुन्हा नाव घालताना

(वस्तीतल्या अभ्यासिकेत, शिक्षण अर्धवट सुटलेल्या मुलामुलींपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी क्रांतीवर बोलणार नाही. एका खिडकीवर बोलणार आहे. कॉलेजच्या ऑफिसची ती लोखंडी जाळीची खिडकी. पलीकडं क्लार्क, अलीकडं आपण. मोर्चात पोलिसांच्या लाठीला न भ्यालेली आपली पोरं या खिडकीवरनं माघारी फिरली आणि पुन्हा तिकडं गेलीच नाहीत. मीही दोनदा फिरलो. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा हातात कागद होते आणि बाजूला दोन मित्र. म्हणून आज बी.ए. झालेला माणूस तुमच्यापुढं उभा आहे.

दुसऱ्या वर्षाचा निकाल लागला त्याच महिन्यात बाप कामावर पडला. कंत्राटी कामगार, त्याला कसली रजा आणि कसली भरपाई? मी गोदामात पेट्या उचलायला लागलो. म्हटलं, दोन महिने काढू. दोन महिन्यांची चार वर्षं झाली. परत गेलो तर खिडकीतला माणूस म्हणाला, "चार वर्षं झोपला होतास काय?" मागं रांगेतली पोरं हसली. मी मान खाली घालून बाहेर आलो. उत्तर मला सुचलं ते रात्री गोदामात, डोक्यावर पेटी असताना. पण तिथं ऐकायला कोण होतं?

कागदावर या चार वर्षांना 'गॅप' म्हणतात. जणू माणूस तेवढा काळ जगलाच नाही.

बाबासाहेबांनाही गॅप होती. १९१६ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. १९१७ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली, शिक्षण अर्ध्यावर टाकून परत यावं लागलं. बडोद्यात नोकरी धरली, तिथं राहायला जागा मिळाली नाही. जात आडवी आली, नोकरी सुटली. मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पैसा पैसा साठवला. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढं अस्पृश्यांची बाजू मांडली. १९२० च्या जानेवारीत 'मूकनायक' काढलं. त्याच वर्षी साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि एका मित्राचं कर्ज घेऊन पुन्हा लंडन गाठलं. १९२१ ला एम.एस्सी., १९२३ ला डी.एस्सी. आता सांगा, ती तीन वर्षं रिकामी होती?

यात आपल्या कामाची एक गोष्ट आहे. लंडन सोडण्याआधी बाबासाहेबांनी विद्यापीठाकडनं परवानगी घेऊन ठेवली होती, की चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करता येईल. म्हणजे माणूस गेला, पण नाव ठेवून गेला. आपण काय करतो? एक दिवस जायचं बंद करतो. कुणाला सांगत नाही, अर्ज नाही, पोचपावती नाही. म्हणून आज जे सोडायच्या बेतात आहेत त्यांना पहिलं सांगणं: सोडायची वेळ आलीच तर प्राचार्यांच्या नावानं लेखी अर्ज द्या. कारण लिहा, परत येणार असं लिहा, नकलेवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. आणि मूळ गुणपत्रिका, दाखले कॉलेजात अडकू देऊ नका. मूळ प्रमाणपत्रं अडवून ठेवायची नाहीत असं विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१८ च्या अधिसूचनेत बजावलंय.

आता जे सुटून गेलेत त्यांच्यासाठी. वह्या काढा, लिहून घ्या.

एक. आधी आपण कुठं थांबलो ते शोधा. जुन्या सगळ्या गुणपत्रिका एकत्र करा. त्यावर नोंदणी क्रमांक असतो, पीआरएन म्हणतात तो. तो नंबर म्हणजे विद्यापीठातली तुमची ओळख. टर्म पुऱ्या झाल्यात आणि नुसते विषय राहिलेत, तर सहसा पुन्हा प्रवेश लागत नाही. जुन्या कॉलेजातनंच परीक्षेचा फॉर्म भरायचा असतो. आमच्या एका मित्राचे दोन पेपर राहिले होते. त्याला वाटत होतं, पहिल्या वर्षापासनं सगळं करावं लागेल. या नुसत्या समजुतीत त्याची तीन वर्षं गेली. वर्षच राहिलं असेल, तर पुढच्या वर्षाला प्रवेश. मधल्या काळात अभ्यासक्रम बदलला असेल, तर जुने विषय नव्यात कसे धरायचे याचा, म्हणजे समकक्षतेचा, अर्ज कॉलेजमार्फत विद्यापीठाकडं. पदवी किती वर्षांत पुरी करायची याची मुदत प्रत्येक विद्यापीठाची ठरलेली असते. ती संपली असली तरी वाढीव संधी आहे का, हे लेखी विचारा. "नाही होणार" हे तोंडी उत्तर म्हणजे उत्तरच नव्हे.

दोन. कॉलेज बदलायचं तर जुन्या कॉलेजचा दाखला लागतो. विद्यापीठ बदलायचं तर त्यावर मायग्रेशन आणि नव्या विद्यापीठाची पात्रता. ही कामं प्रवेशाच्या आठवड्यात होत नाहीत. निकालाच्या आधीच, एप्रिल-मेमध्ये सुरू करा.

तीन. गॅपचं प्रतिज्ञापत्र. "अमुक ते अमुक काळात मी कोणत्याही संस्थेत प्रवेश घेतलेला नाही" एवढंच त्यात हवं असतं. कोर्टाबाहेरचे टायपिस्ट कारणाच्या जागी ठोकून देतात, 'घरगुती अडचणींमुळे'. मी म्हटलं, ते खोडा. लिहा: 'कुटुंबाच्या उदरनिर्वाहासाठी मजुरी करीत होतो.' त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग टाईप केलं. त्या दिवशी माझी लाज तिथंच गळून पडली. आणि पैसे उधळू नका. कॉलेजला साध्या कागदावरचं स्वयंघोषणापत्र चालतं का, हे आधी विचारा. जातीच्या, उत्पन्नाच्या, रहिवासाच्या दाखल्यांसाठी करायच्या प्रतिज्ञापत्रावरचं मुद्रांक शुल्क महाराष्ट्रात २००४ पासनंच माफ आहे. तरी दलाल गळ्यात स्टॅम्पपेपर मारतात. घेऊ नका.

चार. जातीचा दाखला स्वतःच्या नावाचा हवा, भावाचा चालत नाही. नसेल तर १९५० च्या आधीचा पुरावा शोधायला लागा. आजोबा-पणजोबांचा शाळेतला दाखला, गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, कोतवाल बुकाची नक्कल. जातपडताळणी लागणाऱ्या अभ्यासक्रमाला जायचं असेल तर तो अर्जही आत्ताच. उत्पन्नाचा दाखला मात्र जुना चालत नाही, तहसीलदाराकडनं नवा काढायचा. दाखला किती दिवसांत द्यायचा हे ठरलेलं असतं. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली मुदतीत मिळाला नाही तर अपील करता येतं. ऑफिसात जाल तेव्हा मुदतीचा फलक आधी वाचा, मग बोला.

लग्न झालेल्या बहिणींनो, तुमच्यासाठी वेगळं सांगतो. लग्नानं जात बदलत नाही, दाखला माहेरच्या पुराव्यावरच निघतो. नाव बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नोंद जोडा. आपल्यात शिक्षण सुटलेल्यांचा विषय निघाला की आपण पोरांचीच नावं घेतो. घरातल्या पोरीचं शिक्षण सुटलं त्याला 'लग्न झालं' म्हणून गप्प बसतो. बाहेर समतेच्या गप्पा आणि घरात बहिणीचे कागद ट्रंकेत, ही आपली चळवळ असेल तर लाज त्याची वाटली पाहिजे.

पाच. शिष्यवृत्ती. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अनुसूचित जातींसाठी १९४४ मध्ये सुरू झाली. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. आज त्यासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख आहे. अर्ज महाडीबीटीवर, पैसे आधार जोडलेल्या खात्यात. म्हणून खातं आधी चालू करा. चार वर्षं न वापरलेलं खातं बँक बंद करून बसलेली असते. एक पदवी पुरी करून पुन्हा त्याच पायरीच्या दुसऱ्या पदवीला गेलात तर ही शिष्यवृत्ती मिळत नाही, हेही लक्षात ठेवा. आणि शासन जी फी भरणार आहे ती पात्र विद्यार्थ्याकडनं आगाऊ मागू नये, असं शासनानं कॉलेजांना वेळोवेळी बजावलंय. तरी खिडकीतनं आवाज येतोच, "आधी भरा, मग बघू." तेव्हा म्हणायचं, "साहेब, हे लिहून द्या." लिहून द्यायला कुणी तयार नसतं. मग आवाज खाली येतो.

आता जरा वरचं बोलतो. २०२० च्या शैक्षणिक धोरणानं सांगितलं, कधीही बाहेर पडा, कधीही आत या. एक वर्षानं सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा, तीन वर्षांनी पदवी. मिळवलेले गुणांक क्रेडिट बँकेत जास्तीत जास्त सात वर्षं राहतात. ऐकायला गोड आहे. ज्यांचं नाव या बँकेत आहे त्यांनी आपलं खातं उघडून क्रेडिट चढलेत का ते आजच बघावं, परत येताना तोच पुरावा. पण मला सांगा, पहिल्या वर्षाला बाहेर कोण पडणार? डॉक्टरचा पोरगा? बाहेर पडणार गोदामातला, नाक्यावरचा, धुणीभांडी करणारीचा. पूर्वी त्याला गळती म्हणायचे, त्याची बोंब तरी मारता यायची. आता त्याच्या हातात एका वर्षाचं सर्टिफिकेट ठेवलं की सरकारच्या वहीत तो गळालेलाच नाही, तो 'यशस्वी'! साला, बाहेर जायचं दार रुंद करायला एक परिपत्रक पुरतं. आत यायच्या दाराला फी लागते, वसतिगृह लागतं, संध्याकाळचे वर्ग लागतात. १९४६ मध्ये सिद्धार्थ कॉलेज उघडलं तेव्हा नोकरी करणाऱ्या पोरांना शिकता यावं म्हणून सकाळचे वर्ग ठेवले गेले. कामगाराचं घड्याळ बघून कॉलेज चालवायचं, हा तो विचार होता. आपली मागणी हीच असली पाहिजे: परत येणाऱ्याला शिष्यवृत्ती, वसतिगृहात जागा आणि कामाच्या वेळा सांभाळणारे वर्ग.

मागणी लढू तेव्हा लढू. पण या जूनचा प्रवेश जूनमध्येच घ्यावा लागतो. म्हणून ठरवा. एकट्यानं खिडकीवर जायचं नाही. तिघं मिळून जायचं. एकानं बोलायचं, एकानं लिहून घ्यायचं, एकानं नुसतं उभं राहायचं. कागदाचे तीन संच, प्रत्येक अर्जाची पोच. ज्याचं नाव लागलं त्यानं पुढच्या वर्षी दुसऱ्याबरोबर जायचं.

तिसऱ्या खेपेला मी गेलो, तेव्हा खिडकीत तोच माणूस होता. विचारलं, "इतकी वर्षं काय करत होतास?" मी प्रतिज्ञापत्र पुढं सरकवलं. म्हटलं, "पेट्या उचलत होतो. वाचा, लिहिलंय." त्यानं वाचलं. मागं कुणी हसलं नाही. त्यानं शिक्का मारला.

बाबासाहेबांनी शिका म्हटलं तेव्हा वयाची अट घातली नव्हती. सलग शिका असंही म्हटलं नव्हतं. बाहेरच्या टेबलावर कोरे अर्ज ठेवलेत. जाताना घेऊन जाऊ नका. इथंच बसा, भरा, मग जा.

जयभीम.