मागे पडलेले काम आणि वाढविलेले हात
(शासकीय कर्मचारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या एका प्रशिक्षण वर्गात केलेले भाषण)



कार्यालयीन व्यवस्थापन आणि कार्यक्षमता या विषयावर चार शब्द बोलण्यासाठी आपण मला पाचारण केले, याबद्दल मी आपला आभारी आहे. मी कला शाखेचा पदवीधर. माहिती खात्यात लेखणी चालविण्यात माझी उमेद गेली. यंत्र आणि गणित यांच्याशी माझा परिचय बेताचाच. तरीही आज मी आपणांपुढे जे विचार ठेवणार आहे, ते मुख्यतः एका संगणकतज्ज्ञाचे आहेत. त्यांनी सांगितलेली गोष्ट केवळ संगणकापुरती मर्यादित नाही. ती तहसील कचेरीला, शाळेला आणि ग्रामपंचायतीलाही तितकीच लागू पडते, हे मला स्वतःच्या एका चुकीतून उमगले आहे.

या गृहस्थांचे नाव फ्रेडरिक ब्रुक्स. १९३१ साली अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात त्यांचा जन्म झाला. १९५६ मध्ये ते आय.बी.एम. या संगणक कंपनीत दाखल झाले. त्या काळी एका यंत्रासाठी लिहिलेली आज्ञावली दुसऱ्या प्रकारच्या यंत्रावर चालत नसे. ही अडचण दूर करण्यासाठी लहानमोठ्या सर्व यंत्रांवर एकच आज्ञावली चालू शकेल, असे एक संगणक-कुटुंब निर्माण करण्याचे कंपनीने ठरविले. ७ एप्रिल १९६४ रोजी घोषित झालेली 'सिस्टिम/३६०' ती हीच. तिच्या उभारणीची धुरा ब्रुक्स यांच्याकडे होती. पुढे त्या यंत्रांचा कारभार चालविणाऱ्या मूळ आज्ञावलीचे, म्हणजे 'ओ.एस./३६०'चे कामही काही काळ त्यांच्याकडे आले.

यंत्रे यशस्वी झाली. आज्ञावलीचे काम मात्र ठरल्या वेळी पुरे होईना. कामाच्या ऐन भरात एक हजारांहून अधिक माणसे त्यात गुंतली होती. त्यांत आज्ञावली लिहिणारे होते, तसेच लेखनिक, यंत्रचालक आणि व्यवस्थापकही होते. एवढे बळ असूनही विलंब टळला नाही. ब्रुक्स कंपनी सोडून विद्यापीठात अध्यापनासाठी निघाले, त्या वेळी कंपनीचे प्रमुख टॉम वॉटसन यांनी त्यांना विचारले की, आज्ञावलीचे काम सांभाळणे यंत्राच्या कामापेक्षा इतके अवघड का जाते? या प्रश्नाचे उत्तर ब्रुक्स यांनी १९७५ साली 'द मिथिकल मॅन-मंथ' या पुस्तकाच्या रूपाने दिले. १९९९ मध्ये त्यांना संगणकशास्त्रातील अत्युच्च समजला जाणारा ट्यूरिंग पुरस्कार मिळाला. २०२२ साली त्यांचे निधन झाले. पुस्तकाला आज पन्नास वर्षे होऊन गेली. यंत्रे पार बदलली, पण पुण्याच्या हिंजवडीत काम करणाऱ्या आपल्या मुलामुलींनाही त्यातील मुख्य नियम ठाऊक असतो.

माणसे आणि महिने

तो नियम असा की, आज्ञावलीचे काम आधीच मागे पडले असता त्यात नवी माणसे घातली, तर ते अधिकच मागे पडते.

प्रथमदर्शनी ही गोष्ट पटत नाही. पाच माणसांना दहा दिवस लागत असतील तर दहा माणसांना पाच दिवस लागावेत, हे त्रैराशिक आपण शाळेत शिकलो आहोत. काही कामांना ते लागूही पडते. ज्वारीची काढणी असो, चर खणणे असो, वा झाडे लावणे असो, तेथे माणसे दुप्पट केली की वेळ जवळपास निम्मा होतो, कारण एका मजुराला दुसऱ्याशी फारसे बोलावे लागत नाही. परंतु शाळेच्या खोलीचा स्लॅब टाकल्यावर काय होते ते आठवा. त्याला पाणी मारीत राहावे लागते, ठराविक दिवस गेल्याखेरीज सेंटरिंग काढता येत नाही. तेथे शंभर गवंडी आणून उभे केले तरी काँक्रीट लवकर पक्के होत नाही. काही कामे वाटता येतात आणि काहींना आपला वेळ द्यावाच लागतो.

तिसऱ्या प्रकारची कामे याहून फसवी असतात. ती वाटता येतात, पण वाटून घेणाऱ्यांना सतत एकमेकांशी बोलावे लागते. आज्ञावली त्यांपैकी एक. आपल्या कचेऱ्यांतील आराखडे, अहवाल आणि सर्वेक्षणे हीदेखील त्यांतलीच. ब्रुक्स यांनी याचा साधा हिशेब मांडला आहे. तीन माणसांत प्रत्येकाने प्रत्येकाशी बोलायचे म्हटले तर तीन जोड्या होतात. पाच माणसांत दहा, दहा माणसांत पंचेचाळीस आणि वीस माणसांत एकशे नव्वद. माणसे दुप्पट झाली की बोलण्याचे व्याप चौपटीच्या घरात जातात. शिवाय नव्या माणसाला काम समजावून द्यावे लागते, आणि ते समजावून देणार कोण? जो जुना माणूस आधीच कामात बुडालेला आहे तोच. त्याचा हात तेवढा वेळ थांबतो.

माझी एक चूक

हे पुस्तक मी वाचले तेव्हा मला माझी एक जुनी चूक आठवली. एका जिल्ह्यात असताना शासकीय योजनांची माहिती देणारी एक पुस्तिका काढण्याचे काम माझ्याकडे आले. माझ्यासह आम्ही चौघे होतो. माझ्या हाताखालील एका तरुण सहायकाने सर्व कामाची यादी करून सांगितले, "साहेब, याला वीस दिवस लागतील." समारंभाची तारीख बारा दिवसांवर होती. मी म्हणालो, "बारा दिवसांत झालेच पाहिजे." तो गप्प बसला. आठव्या दिवशी काम निम्मेही झालेले नाही असे दिसले, तेव्हा मी इतर शाखांतून तीन माणसे मागवून घेतली. चौघांच्या सहा जोड्या होत्या, त्या सात जणांच्या एकवीस झाल्या. हा हिशेब तेव्हा मला ठाऊक नव्हता.

पुढील दोन दिवस जुन्यांनी नव्यांना माहिती देण्यात घालविले. एकाच गावाचे नाव तिघांनी तीन प्रकारे लिहिले. मुद्रिते तपासण्यास वेळच उरला नाही. पुस्तिका समारंभाला तर मिळाली नाहीच. ती तेविसाव्या दिवशी छापून आली, आणि तीत एका योजनेच्या अर्जाची अंतिम तारीख दोन पानांवर दोन वेगवेगळी पडली होती. काही दिवसांनी एक वयस्कर शेतकरी ती पुस्तिका पिशवीत घालून कचेरीत आले. चुकीची तारीख असलेले पान त्यांनी माझ्यापुढे उघडून धरले. मुदत आदल्या आठवड्यातच संपलेली होती. ते रागावले नाहीत. "साहेब, तुमच्याच पुस्तकात आहे हे," एवढेच म्हणाले. त्यांच्या अर्जासाठी मी पुष्कळ धडपड केली, पण त्या वर्षी तो मंजूर झाला नाही. आपल्या कचेरीतील दिरंगाईची आणि घाईची किंमत अखेर कोण मोजतो, हे त्या दिवशी मला कळले.

दहा माणसे की दीडशे?

ब्रुक्स यांच्या पुस्तकाचा विशेष हा की, त्यांनी स्वतःची चूकही त्यात मोकळेपणाने सांगितली आहे. आज्ञावलीचे तपशीलवार आराखडे लिहावयाचे होते. एका प्रमुखाने सांगितले की, माझ्या दहा निवडक माणसांकडून हे काम चांगले होईल, परंतु दहा महिने लागतील. ठरलेल्या मुदतीपेक्षा हे तीन महिने अधिक होते. दुसऱ्या प्रमुखाकडे दीडशे माणसे होती. त्याचे म्हणणे असे की, आमचे लोक हे काम मुदतीत करतील आणि नाहीतरी तोवर ते रिकामेच बसतील. पहिल्याने इशारा दिला की, त्यांना दिल्यास वेळही वाचणार नाही आणि कामही उतरेल. ब्रुक्स यांनी दीडशे माणसांना काम दिले. पहिल्या प्रमुखाची दोन्ही भाकिते खरी ठरली. काम तीन महिने लांबलेच, शिवाय आराखड्यात एकसूत्रीपणा न राहिल्यामुळे पुढे दोष शोधण्यात सुमारे एक वर्ष अधिक गेले असावे, असा ब्रुक्स यांचा स्वतःचा अंदाज आहे.

या प्रसंगातून दोन बोध घेण्यासारखे आहेत. पहिला असा की, योजनेचा आराखडा एका किंवा मोजक्या विचारी माणसांच्या हातून तयार व्हावा, अंमलबजावणी मात्र अनेकांनी करावी. याचा अर्थ सल्लामसलत करू नये असा नव्हे. ग्रामपंचायतीचा विकास आराखडा तयार करताना ग्रामसभेत सर्वांचे ऐकावे. परंतु ऐकलेल्याची सुसंगत मांडणी करण्याची जबाबदारी नेमून दिलेली असावी. ती सर्वांवर सोपविली म्हणजे कोणावरच राहत नाही.

दुसरा बोध मला अधिक मोलाचा वाटतो. हाताखालचा माणूस 'इतक्या दिवसांत होणार नाही' असे म्हणतो, तेव्हा त्याला कामचुकार समजण्यापूर्वी त्याने केलेला हिशेब पाहावा. माझ्या सहायकाने वीस दिवस सांगितले होते. ते वीस दिवस मी त्याला दिले असते, अथवा पुस्तिकेची पाने निम्मी केली असती, तर त्या शेतकऱ्याला योग्य तारीख मिळाली असती. काम मागे पडल्यास मुदत नव्याने आखावी किंवा कामाचा व्याप कमी करावा, हेच मार्ग ब्रुक्सही सुचवितात. माणसे वाढवावयाचीच असतील तर ती प्रारंभी वाढवावीत, म्हणजे हानी कमी होते, असेही त्यांनी पुढे १९९५ च्या आवृत्तीत मान्य केले. आपला नियम ही एक ढोबळ मांडणी आहे, हे त्यांनी कधी लपविले नाही.

तपासणीचा वेळ

वेळेची विभागणी कशी करावी, याविषयीचा त्यांचा अनुभवही मनन करण्याजोगा आहे. एकूण वेळेचा एक तृतीयांश भाग आखणीसाठी, एक षष्ठांश प्रत्यक्ष लेखनासाठी आणि उरलेला निम्मा तपासणीसाठी ठेवावा, असे ते सांगतात. आपल्याकडे नेमके उलट घडते. आखणी एका बैठकीत उरकते, तपासणी अखेरच्या रात्री होते, आणि मार्चअखेरीस सर्वांची धावपळ उडते. कोणतेही काम एकाएकी वर्षभर मागे पडत नाही. ते रोज थोडे थोडे मागे पडत असते. म्हणून टप्पे असे ठरवावेत की, ते झाले किंवा झाले नाहीत एवढेच उत्तर देता यावे. 'काम नव्वद टक्के झाले आहे' या उत्तरातून काहीच समजत नाही. 'बारा वाड्यांपैकी नऊ वाड्यांच्या याद्या तपासून स्वाक्षरी झाली' या उत्तरातून सर्व समजते.

कागदांचा व्यापही त्यांना चुकला नाही. सर्वांना एकच माहिती मिळावी म्हणून ठेवलेली कामाची नोंदवही सहा महिन्यांत पाच फूट जाडीची झाली, तेव्हा ती सूक्ष्मचित्रफितींवर घ्यावी लागली. आपल्या राज्यानेही याच प्रश्नावर मोलाचे काम केले आहे. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात अहमदनगरचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे, जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कागदपत्रांचे वर्गीकरण, अभिलेखांची फेरमांडणी आणि कर्मचाऱ्यांच्या बसण्याची व्यवस्था यांत जी सुधारणा केली, ती 'लखिना पॅटर्न' म्हणून ओळखली गेली. नवी माणसे न मागता, आहे त्याच माणसांना हवा तो कागद वेळेवर सापडावा, हे त्यामागील सूत्र होते.

आता महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा ठराविक मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे. मुदत पाळणे ही आपल्या सौजन्याची बाब उरलेली नाही. अशा वेळी मनुष्यबळ अपुरे आहे हे कारण आपण पुढे करतो, आणि पुष्कळदा ते खरेही असते. रिकामी पदे भरली जावीत, ही मागणी रास्तच आहे. परंतु माणसे येण्यापूर्वी आणि आल्यानंतरही काही गोष्टी आपल्या हाती आहेत. काम हाती घेताना त्याचे कोणते भाग वाटता येतात ते पाहावे, आराखडा एकाकडे द्यावा, तपासणीचे दिवस आधी राखून ठेवावेत, दर आठवड्याला टप्पे पाहावेत आणि मागे पडल्याची वार्ता आणणाऱ्याला बसावयास खुर्ची द्यावी.

येथून परत गेल्यावर आपण प्रत्येकाने आपल्या टेबलावरील एकच काम निवडावे, आणि ते प्रत्यक्ष करणाऱ्या माणसाला विचारावे की, तुला खरोखर किती दिवस लागतील? त्याचे उत्तर शांतपणे ऐकून मगच तारीख जाहीर करावी. त्या तारखेवर विश्वास ठेवून दूरच्या वाडीवरून कोणीतरी येणार आहे, याचे भान आपण सर्वांनी ठेवू या, एवढी विनंती करून मी माझे भाषण संपवितो.